त्या चौघी कुठे गेल्या?

पत्र निफाड तालुक्यातून आलं आहे. थोडं आखडून देते.

"ताई, दहावीपर्यंत मी गावातल्या मराठी शाळेत शिकले. मग नाशिकला बारावी आणि पाच वर्षांचं बी. ए. एलएल. बी. यंदा पदवी मिळाली. मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या सॉलिसिटर फर्मनं मला आर्टिकल्ड क्लार्क म्हणून, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली करारानं शिकणारी उमेदवार म्हणून, घ्यायचं कबूल केलंय. तीन वर्षं, महिन्याला बारा हजार. काका तालुका कोर्टात वकील आहेत. ते म्हणतात, तिथे तू तीन वर्षं कागद उचलशील, माझ्याकडे ये, पहिल्या आठवड्यात कोर्टात उभी करतो. आईचं म्हणणं, जज्जची परीक्षा दे. वडिलांची द्राक्षबाग आहे, गेली दोन वर्षं अवकाळीनं मारली, त्यामुळे ते काहीच बोलत नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. वर्गातली एक मैत्रीण लंडनच्या सॉलिसिटर परीक्षेची तयारी करतेय, ती म्हणते मुंबईच्या आर्टिकल्सला आता काय अर्थ? माझं इंग्रजी वाचायला चांगलं, बोलायला अडतं. मुलाखतीत एक वाक्य अर्ध्यात तुटलं, ते अजून डोक्यातून जात नाही. या तीन वर्षांत नेमकं काय करावं लागतं? आज सॉलिसिटर होण्याला किंमत आहे का? आणि माझ्यासारखीला झेपेल का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वडिलांच्या वाक्यापाशी थांबले. तिथे पुन्हा येईन. आधी 'अर्थ आहे का' हे मिटवू, कारण या बाबतीत मुंबईबाहेरच्या मुलांना कुणी नीट सांगतच नाही.

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, पूर्वी वकिलीचे दोन सरळ भाग होते. पक्षकार सॉलिसिटरकडे यायचा. कागद गोळा करणं, दावा दाखल करणं, साक्षीपुरावा जमवणं हे सॉलिसिटरचं काम, आणि न्यायाधीशांसमोर उभं राहून बोलणं हे कौन्सेलचं. पक्षकाराला थेट कौन्सेलकडे जाता येत नसे, सॉलिसिटरनं ब्रीफ, म्हणजे खटल्याच्या कागदांचा संच, पाठवायची. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये १९७६ साली दुरुस्ती झाली आणि अॅटर्नींचा, म्हणजे सॉलिसिटरांचा, तो वेगळा कायदेशीर वर्ग संपला. आज कायद्यानं सगळे अॅडव्होकेटच, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एकच. तुझी मैत्रीण म्हणते त्यात इतकं खरं आहे.

पण कायद्यातून गेलेली गोष्ट कामाच्या पद्धतीतून गेली नाही. फोर्टातल्या फर्म आजही दावा तयार करतात आणि कौन्सेलला ब्रीफ देतात. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही आर्टिकल्सची, म्हणजे या उमेदवारीच्या कराराची, नोंद करते आणि सॉलिसिटरची परीक्षा घेते. परीक्षा कठीण आहे. हुशार मुलं दोनदा-तीनदा बसतात, काही जण सोडून देतात. जे पास होतात त्यांच्याकडे या गल्ल्यांमध्ये वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं, आणि ती नजर फुकट मिळालेली नसते. जमिनीचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, दस्त, मोठे व्यवहार यांत पक्षकार अजूनही विचारतो, 'सॉलिसिटरनं बघितलंय ना?'

म्हणून पहिलं काम सनदेचं. आर्टिकल्स आणि सनद या वेगळ्या गोष्टी आहेत, एकीनं दुसरी मिळत नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून घे. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती रक्कम ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याआधी हजारांत पैसे जायचे. नोंदणीनंतर ऑल इंडिया बार परीक्षा आहेच.

आईच्या जज्जच्या परीक्षेचं उत्तरही यातच आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली लागेल, आणि ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजता येईल. म्हणजे आईच्या आणि तुझ्या मनातल्या वाटा आज तरी वेगळ्या नाहीत. तू तीन वर्षं कुठे ना कुठे काम करणारच आहेस. फक्त एक काळजी घे. नुसतं ऑफिसात बसलेली तीन वर्षं आणि कोर्टात दिसलेली तीन वर्षं यांत फरक पडू शकतो. वकालतनाम्यावर तुझं नाव असावं असा आग्रह धर आणि ज्या दिवशी ज्या कोर्टात हजर राहिलीस त्याची डायरी पहिल्या दिवसापासून ठेव. वकिलीचं प्रमाणपत्र मागायची वेळ येईल तेव्हा ही डायरी कामी येईल. आईला हे असंच सांग.

लंडनचंही थोडक्यात. इंग्लंडमध्ये २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० पर्यायी प्रश्न. दुसऱ्यात लेखी आणि तोंडी मिळून १६ कामं करून दाखवायची. तिथल्या मुलांना त्याशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आपल्याकडच्या सनदधारकाला त्या अटीतून सूट आहे. म्हणून ती वाट सोपी वाटते. पण नुसती परीक्षेची फी चार हजार पौंडांच्या वर जाते, अभ्यासवर्गाचे पैसे वेगळे, आणि शिकायचा तो इंग्लंडचा जमीन कायदा. तुझ्या मैत्रिणीला तिथे जायचं असेल तर तिनं जरूर करावं. तुला निफाड ते मुंबई हे अंतर कापायचंय, त्यासाठी ती परीक्षा लागत नाही.

आता तुझ्या काकांचं वाक्य. 'कागद उचलशील.'

हो, उचलशील. मी उचलले. १९९७ मध्ये मी आर्टिकल्स साइन केले, आणि पहिले चार महिने मला कुणी कायद्याचा एक प्रश्न विचारला नाही. सकाळी दहाच्या आत ऑफिस. आदल्या संध्याकाळी हायकोर्टाचा बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या खटल्यांची यादी, पाहायचा, आपल्या कोणत्या मॅटर कितव्या कोर्टात, कितव्या नंबरवर आहेत ते लिहून काढायचं. सकाळी त्या ब्रीफ कौन्सेलच्या चेंबरमध्ये पोचल्यात का बघायचं. मॅटर पुकारलं जाईपर्यंत कोर्टात बसायचं, पुढची तारीख आणि ऑर्डर शब्दशः टिपायची. दुपारी हायकोर्टाच्या दावे दाखल करायच्या डिपार्टमेंटला. नव्या दाव्यावर काय ऑब्जेक्शन्स निघाल्या आहेत त्या बघायच्या आणि काढायच्या: पान नंबर चुकलाय, एक्झिबिटची प्रत अस्पष्ट आहे, मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडलेलं नाही. संध्याकाळी कौन्सेलकडे कॉन्फरन्स, तिथे कोपऱ्यात बसून सगळं लिहून घ्यायचं आणि रात्री ऑफिसात येऊन त्याची नोट करायची. आता ई-फायलिंग आलंय, बोर्ड मोबाइलवर दिसतो, पण दिवसाचा सांगाडा हाच आहे.

हे काम हलकं वाटतं ते त्यामागचं दिसत नाही म्हणून. एक उदाहरण देते. कमर्शियल, म्हणजे व्यापारी व्यवहारांच्या, दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीनं लेखी म्हणणं द्यायचं असतं. कोर्ट मुदत वाढवू शकतं, पण एकशेवीस दिवसांच्या पुढे नाही. त्यानंतर म्हणणं देण्याचा हक्कच जातो, खटला कितीही खरा असो. समन्स कोणत्या तारखेला हातात पडलं हे त्या पाकिटावर लिहून ठेवणारी व्यक्ती ऑफिसातली सगळ्यांत धाकटी असते. म्हणजे तू. दस्ताचंही तसंच. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी हजर करायचा, उशीर झाला तर आणखी चार महिने, तेही दंड भरून. त्यानंतर दार बंद. कोट्यवधींचा व्यवहार एका आर्टिकल्ड क्लार्कच्या डायरीतल्या ओळीवर उभा असतो, हे काकांनी तुला सांगितलं नाही, कारण त्यांच्या ऑफिसात ती ओळ ते स्वतः लिहितात.

काकांचा सल्ला वाईट आहे असं मी म्हणत नाही. तालुका कोर्टात उभं राहिल्यानं जे येतं ते फोर्टात येत नाही. पक्षकाराशी बोलणं, साक्षीदाराची उलटतपासणी, ऐनवेळी न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं, हे तुला तीन वर्षांत मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये जवळजवळ करायला मिळणार नाही. तुझा ओढा तिकडे असेल, कोर्टात उभं राहिल्यावर अंगात वीज येते असं तुला कॉलेजातल्या मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यात, वाटलं असेल, तर काकांकडे जा, आणि मनात खंत ठेवू नकोस. पण तुझ्या पत्रात तू कोर्टाबद्दल एक ओळही लिहिलेली नाहीस. कॉलेजात तुला 'ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी', म्हणजे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, आवडायचा, असं मात्र एका ओळीत लिहिलंस. वर पत्र आखडताना ती ओळ मी गाळली, पण माझ्या लक्षात राहिली.

म्हणून मला माझ्या दुसऱ्या वर्षातली एक गोष्ट तुला सांगायचीय.

ठाणे जिल्ह्यातली सात एकर जमीन. आमचा पक्षकार विकत घेणार होता. टायटल तपासायचं काम आलं आणि सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्या सॉलिसिटरांनी, पहिल्यांदाच पूर्ण नोट मला लिहायला सांगितली. सर्च क्लार्कनं तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, आणून दिला होता. सातबारावर दोन भावांची नावं, स्वच्छ. इतर हक्कांत काही नाही. बोजा नाही. मी सगळे फेरफार, म्हणजे सातबारावरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढून क्रमानं लावले, प्रत्येकाचा इंग्रजीत गोषवारा केला, शेवटी लिहिलं की टायटल निर्वेध आहे. अकरा पानांची नोट. मला ती फार सुंदर वाटत होती.

सरांनी ती दहा मिनिटांत वाचली आणि दोन फेरफार माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. पहिला १९७१ चा, वारसाचा. खातेदार मयत, वारस: विधवा, दोन मुलगे, तीन मुली. दुसरा १९७४ चा. त्यात फक्त दोन मुलगे. मधे एक ओळ होती, 'इतर वारसांनी जबाबाने हक्क सोडल्याने नावे कमी केली.'

सर म्हणाले, "त्या चौघी कुठे गेल्या?"

मला कळेना ते काय विचारताहेत. मी म्हटलं, जबाबानं हक्क सोडलाय असं लिहिलंय. ते म्हणाले, "कुणी लिहिलंय? तलाठ्यानं. त्यांनी काय लिहून दिलंय, ते कुठाय?"

तो कागद नव्हता. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यासमोर दिलेल्या जबाबानं हक्क जात नाही, आणि फेरफारानं मालकी येत किंवा जात नाही, तो महसुलाचा कागद आहे. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर मी चांगले मार्क मिळवले होते. पण माझ्यासमोर ते फेरफार होते तेव्हा मी नंबर आणि तारखा वाचल्या, माणसं मोजली नाहीत.

सरांनी मला त्या जमिनीच्या गावी पाठवलं. विधवा आई तोवर वारली होती, तीन मुलींपैकी एक हयात नव्हती, तिची मुलं होती. उरलेल्या दोघी बहिणी भेटल्या. थोरलीला मी विचारलं, १९७४ साली तुम्ही तलाठ्याकडे गेला होतात का? ती म्हणाली, "भावानं अंगठा मागितला, म्हणाला आईच्या औषधाच्या कर्जासाठी लागतो." व्यवहार दोन महिने थांबला. शेवटी दस्तात दोन्ही बहिणी आणि तिसरीची मुलं 'मान्यता देणार' म्हणून आली आणि त्यांच्या हिश्शाचे पैसे त्यांच्या नावच्या चेकनं दिले गेले. आमच्या पक्षकारानं कुरकुर केली, पण उद्या त्यांच्या नातवंडांनी दावा लावला असता तर त्याची इमारत अर्ध्यात अडकली असती. थोरल्या बहिणीनं सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात सही केली. अंगठा नाही, सही. तिनं ती मधल्या दोन महिन्यांत शिकून घेतली होती.

त्या दिवसापासून मी फेरफार वाचताना पेन्सिलीनं समासात आकडा लिहिते. या नोंदीत किती माणसं आहेत. पुढच्या नोंदीत किती. फरक असेल तर प्रत्येकाचा जाण्याचा कागद हवा: मृत्यूचा दाखला, खरेदीखत, हक्कसोडपत्र, वाटपपत्र. कागद नसेल तर ते माणूस अजून तिथेच उभं आहे असं धरायचं. महाराष्ट्रात फेरफारांतून अशी गेलेली बहुतेक माणसं बायका असतात, हे तुला पहिल्या सहा महिन्यांतच दिसेल. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीनं आणि मग २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून, १९५६ पासून, वडिलांच्या हिश्शाच्या त्या वारस होत्याच. फेरफारांनी हे मानलं नाही, एवढंच.

आता तुझ्या इंग्रजीवर येते. मी जे सांगितलं त्यातला प्रत्येक मूळ कागद मराठीत होता. सातबारा, आठ अ, फेरफार, जबाब, जुनं खरेदीखत, पंचनामा. माझ्या बॅचची उत्तम इंग्रजी बोलणारी मुलं या कागदांपुढे अडायची. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अल्पवयीनाचा पालक, हे त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि ते नाव असलेला भाऊ एकटा मालक नसतो, हे तुला बहुधा घरातच ऐकून माहीत आहे. मुंबईबाहेरच्या प्रत्येक जमिनीच्या व्यवहारात कुणाला तरी हा कागद खरा वाचावा लागतो. भाषांतर करून आणलेल्या कागदात 'हक्क सोडल्याने' याचं एका शब्दात 'रिलीज्ड' होतं, आणि ती ओळ निरुपद्रवी दिसू लागते. तू मूळ वाचशील. मोडी येत असेल तर फारच उत्तम, नसेल तर शिक, वर्ग चालतात. स्वातंत्र्यापूर्वीचे कितीतरी दस्त मोडीत आहेत आणि वाचणारे थोडे.

पण म्हणून इंग्रजीचं काम टळत नाही, आणि मी तुला खोटा दिलासा देणार नाही. हायकोर्टाची भाषा इंग्रजी आहे, दस्त इंग्रजीत होतात, नोट इंग्रजीत लिहावी लागते. बोलण्याची भीती मात्र बाजूला ठेव. या कामात लिहिणं जास्त लागतं, आणि लिहिलेलं सुधारता येतं. मी काय केलं ते सांगते. ऑफिसातल्या जुन्या फायलींमधला एक चांगला दावा किंवा करारनामा दर रविवारी हातानं उतरवून काढायची. टाइप नाही, हातानं. कोणतं वाक्य कुठे संपतं, तारखा कशा येतात, पक्षकाराबद्दल राग न दाखवता त्याची तक्रार कशी मांडतात, हे हाताला कळतं. आणि कॉन्फरन्सची नोट त्याच रात्री लिहायची, दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही. वर्षभरात फरक पडला. अवघड शब्द वापरायच्या मागे लागू नकोस. 'शॅल' कुठे आणि 'मे' कुठे, हे कळणं दहा लॅटिन शब्दांपेक्षा मोलाचं आहे, कारण पहिल्यानं माणूस बांधला जातो आणि दुसऱ्यानं मोकळा राहतो.

मुलाखतीतलं ते तुटलेलं वाक्य ऐकूनही त्यांनी तुला घेतलंय. ते त्यांनी मोजलं नाही, तू का मोजतेस?

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. सगळी ऑफिसं सारखी नसतात. मी सुदैवी ठरले ते दुसऱ्या वर्षी. पहिलं वर्ष मी एका दुसऱ्या ऑफिसात काढलं होतं. तिथे माझं लिहिलेलं कुणी वाचत नसे. मसुदा दिला की तो टेबलावरून नाहीसा व्हायचा आणि दोन दिवसांनी वेगळाच होऊन बाहेर पडायचा. काय बदललं, का बदललं, सांगायला कुणाला वेळ नव्हता. रात्री साडेनऊपर्यंत थांबवून घ्यायचे आणि उशीर का झाला हे माझ्या घरमालकिणीला मलाच पटवून द्यावं लागे. एकदा ताप असताना मी सुटी मागितली तर सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं की गावाकडच्या मुलींना हे झेपत नाही. मी ते वर्षभर खरं मानलं. माझे आर्टिकल्स दुसऱ्या सॉलिसिटरकडे वळवून घेतले तेव्हा कळलं की झेपत नव्हतं ते त्यांचं वागणं, काम नव्हे.

म्हणून फर्मचं नाव किती जुनं आहे यापेक्षा, तू कुणाच्या हाताखाली साइन करतेस ते बघ. होकार कळवण्याआधी फोन करून भेट माग, आणि विचार: माझे प्रिन्सिपल, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकेन ते सॉलिसिटर, कोण असतील, माझा मसुदा कोण वाचून परत देईल, लिटिगेशन (खटले) आणि कन्व्हेयन्सिंग (मालमत्तेचे दस्त) दोन्हीकडे मला बसायला मिळेल का, सोसायटीच्या परीक्षेआधी अभ्यासाची रजा किती देता. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या सॉलिसिटरला असं विचारणारी मुलगी आवडते. मग तिथे आत्ता आर्टिकल्स करणाऱ्या एखाद्या मुलीला ऑफिसबाहेर चहाला भेट आणि एकच विचार, 'तुझं लिहिलेलं लाल होऊन परत येतं का?' ती हसून म्हणाली की रोज येतं, तर जा. ती गप्प झाली, तर दुसरं ऑफिस शोध. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तिची नावं भिंतीवर लावलेली दिसतात का, तेही त्याच भेटीत बघून घे.

आणि बारा हजार. मला हा आकडा वाचून वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की शहरातल्या ज्युनियर वकिलाला महिना किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, पण परिपत्रक छापील आहे आणि तू त्याचा उल्लेख करू शकतेस. 'माझी सनद झाली की आपण याचा विचार कराल का?' इतक्याच शब्दांत विचार. नाही म्हणाले तर निदान दरवर्षी वाढ किती, ते लेखी घे. वर्किंग विमेन्स हॉस्टेलचे अर्ज आजच भर, यादी लांब असते. नातेवाइकांकडे कल्याणला किंवा डोंबिवलीला राहायची सोय असेल तर पहिले सहा महिने तिथे राहा. लोकल दमवते, पण बारा हजारांत दक्षिण मुंबईत खोली मिळत नाही.

वडिलांशी मात्र गप्पांत विषय काढू नकोस. एक कागद घे, त्यावर तीन वर्षांचा महिन्याचा खर्च लिही, त्यासमोर मिळणारे पैसे लिही आणि मधला खड्डा किती ते लिही. तो कागद त्यांच्यापुढे ठेव. दोन हंगाम गेलेल्या बागायतदाराला किती पैसे लागणार हे माहीत नसतं तेव्हा तो मनात सगळ्यांत मोठा आकडा धरून बसतो आणि म्हणून गप्प राहतो. खरा आकडा बहुतेक वेळा त्याहून लहान निघतो. राहण्या-खाण्यासाठी मात्र कर्ज काढू नकोस, बागेवर तर मुळीच नाही. खड्डा फार मोठा निघाला तर वर्षभर काकांकडे काम कर, थोडे पैसे साठव, आणि पुढच्या वर्षी आर्टिकल्स साइन कर. सनद तोवर चालू राहील, ते वर्ष वाया जाणार नाही.

आणखी एक, हे तुझ्यासाठीच. मुंबईला निघण्यापूर्वी तुमच्या गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडून, तुमच्या बागेच्या गटाचे सगळे जुने फेरफार काढून घे. तिथे नसतील ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतील. पणजोबांपासून क्रमानं लाव आणि समासात पेन्सिलीनं माणसं मोज. तुला आत्या असेल, आजोबांना बहिणी असतील. त्यांची नावं कोणत्या फेरफारापर्यंत चालतात आणि कोणत्या ओळीत थांबतात ते बघ. मग तो कागद घेऊन वडिलांशेजारी बस आणि त्यांना विचार, ही ओळ लिहिली तेव्हा घरात काय झालं होतं.

तुझी,
ताई